माझ्या पदरातले तीन फ्यूज

मी, माणिकबाई देवमन ताथोड, वय ५८ वर्षे, धंदा फुलशेती, रा. चिंचखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. विजेची जुनी डीपी माझ्या मळ्याच्या धुऱ्यावर (बांधावर), घरासमोर आहे.

आमच्या गावचे लाइनमन सागर उमाळे यांना मी ओळखते. खांबावर चढण्याआधी ते डीपीतले चिनी मातीचे तीन फ्यूज काढून माझ्याकडे देतात. ते खाली उतरेपर्यंत मी फ्यूज पदरात घेऊन ओट्यावर बसते. त्यांच्याआधीचे लाइनमनही असेच करत. फ्यूज माझ्याजवळ असताना कालपर्यंत कधी तारेत वीज आली नव्हती.

हिवाळ्यात गावची वीज बोर्डाकडून खाजगी कंपनीकडे गेली. सागर कंपनीत कामाला लागले. कंपनीने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी डीपी बसवून तिची तार जुन्या तारेला जोडली. त्या डीपीला कुलूप आहे. ती अकोल्याच्या ऑफिसातून चालू-बंद होते, असे सागर यांनी मला सांगितले होते.

काल सकाळी सागर यांनी नेहमीप्रमाणे फ्यूज माझ्याकडे दिले व म्हणाले, "मावशी, माहा जीव तुह्या पदरात हाय." मी म्हटले, "लय जड नाही तुहा जीव. चढ." मग त्यांनी ऑफिसला फोन केला. मी विचारले, "काय म्हनते?" ते म्हणाले, "बंद केली म्हनते. पहिले तुले देत होतो, आता त्यायलेबी विचारा लागते." व ते खांबावर चढले.

ओट्यावरून मला घरातला पंखा दिसतो. त्याला वीज त्याच तारेवरून येते. थोड्या वेळाने पंखा फिरू लागला. मी पदर चाचपला. तिन्ही फ्यूज पदरात होते. मी सागर यांना हाक मारली. ते खाली पडलेले होते. गावकऱ्यांनी त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेले.

सायंकाळी कंपनीचे दोन इसम घरी आले. नावे माहीत नाहीत. एक म्हणाला, "मावशी, फ्यूज तुम्हीच चुकून बसवले, असं सांगा. म्हाताऱ्या बाईला कोणी काही करत नाही." मी नाही म्हटले. त्याने फ्यूज मागितले. मी दिले नाहीत. तो म्हणाला, "मग केस तुमच्यावरच येईल. एकट्याच राहता ना?" ते गेल्यावर मी दाराला आतून पाटा लावला. आज सकाळी त्यांची गाडी धुऱ्यावर उभी होती. मी मागच्या वावरातून निघून एसटीने अकोल्याला गेले.

तेथे दवाखान्यात सागर यांची पत्नी गीतांजली भेटली. सागर बेशुद्ध आहेत. तिने मला विचारले, "मावशी, कंपनीवाले म्हनतात तुमीच बसवले. खरं काय?" मी पदर उघडून दाखवला. तिने तिन्ही फ्यूज मोजले. तेथून मी थेट येथे आले.

पंचनाम्यासाठी फ्यूज मागितल्यावरून सांगते की, साहेबांनी ते पाहावेत, मोजावेत, पण माझ्या हातातून घेऊ नयेत. सागर खाली उतरल्यावर स्वतः मागून घेतात. त्यांनी अजून मागितलेले नाहीत.

मला घरी जाण्याची भीती वाटते.

वरील मजकूर मला वाचून दाखविला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. सही येत नाही. डाव्या हातात फ्यूज असून ते खाली ठेवण्यास नकार दिल्याने उजव्या हाताचा अंगठा घेतला.