दरीपल्याडचा उखाणा

शैलेंद्र : नाही ना काकू, तो म्हसोबा नव्हता! वाटेची खूण होती ती. वाट फुटते तिथं हे लोक दगडावर दगड रचून ठेवतात.

आई : मला काय ठाऊक, बाबा? शेंदूर नव्हता एवढंच. ह्यांनी तिळाचा लाडू ठेवला, हात जोडले, प्रदक्षिणेला निघाले. मी म्हटलं, परमुलखात आलोय, इथल्या देवाशी ओळख असलेली बरी. येतील मागनं, म्हणून मी तुमच्याबरोबर पुढं झाले.

दीपा : आई, अ‍ॅरिझोनात म्हसोबा कुठून येणार? प्रदक्षिणा घालता घालता अण्णा भलत्याच वाटेला लागलेत. ते बघ, दरीच्या पलीकडच्या कड्यावर.

आई : ती कानटोपी? अगं बाई, हेच की! काय छान दिसतायत लांबून. तरण्या पोरासारखे चाललेत.

शैलेंद्र : छान दिसतात हो, पण तो कडा पुढं तुटलेला आहे. त्या वळणामागं सगळा भुसभुशीत दगड, त्यात परवाच्या बर्फानं आणखी ढिला झालेला. वळण ओलांडलं की आपला आवाजही पोचणार नाही. मी आता पळत गेलो तरी वळणाआधी गाठू शकत नाही, यार.

दीपा : मग ओरड ना! अण्णाऽऽ! अण्णा, मागे फिराऽऽ!

शैलेंद्र : राजाराम काकाऽऽ! राँग वेऽऽ!

आई : ऐकलं, ऐकलं! हात हलवतायत बघ.

दीपा : हात हलवतायत आणि चालतायत. सकाळपासून आपण सगळे हेच तर करतोय. दिसेल त्याच्या नावानं ओरडायचं आणि दरी काय म्हणते ते ऐकायचं. त्यांना वाटतंय, अजून गंमतच चाललीय.

शैलेंद्र : सुरुवात काकांनीच केली ना. 'कोण आहे रेऽऽ' म्हणाले. दरीनं 'आहे रे' म्हटल्यावर इतके खूश झाले, की तिलाच तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणाले.

दीपा : आई, तू हाक मार. तुझ्या आवाजाला थांबतील.

आई : अहोऽऽ! अहो, ऐकलंत काऽऽ!

शैलेंद्र : काकू, थांबा, थांबा! आपल्या सहलीतले मागून येणारे सगळे नवरे उभे राहिले. संध्याताईंचे मिस्टर तर 'आलो, आलो' करत पळत येऊन राहिले!

आई : त्यांना म्हणावं, बसा जागेवर. नको ते थांबले, आणि ज्यानं थांबायचं तो आपला चाललाय!

दीपा : नावानं हाक मार, आई.

आई : कुणाच्या नावानं?

दीपा : अण्णांच्या!

आई : वेडी का खुळी तू? नवऱ्याचं नाव घेऊन ओरडू? तेही या एवढ्या दरीत? ही मेली चारचारदा म्हणून दाखवील. नाव घेतलं की आयुष्य उणं होतं माणसाचं. रामनवमीला मी नुसतं 'नवमी' म्हणते, रामफळाला 'ते लाल फळ' म्हणते, आणि इथं...

दीपा : आई, ते वळण बघ. अण्णा तिथं पोचले, तर आयुष्याचं मला काही सांगता येणार नाही.

शैलेंद्र : काकू, आमच्या हाका त्यांनी सकाळपासून ऐकल्या. तुमच्या तोंडून त्यांचं नाव कधी ऐकलंय का त्यांनी? तेवढ्यालाच थांबतील ते. घ्या ना जी!

आई : नुसतं कसं घेऊ रे? जीभच उचलत नाही. आधी दोन शब्द जुळवावे लागतात. थांबा... चांदीच्या ताटात...

शैलेंद्र : ताट नको, काकू! शॉर्टमध्ये!

दीपा : जुळव, पण लवकर. वळणाशी आलेच ते.

आई : माझा पदर धर गं, वारं उडवतंय. हां. लाल लाल डोंगरऽऽ, थंडीत फुटला घाऽऽम...

दीपा : हात केला. चालतायतच.

आई : मागं फिराऽऽ, मागं फिराऽऽ, अहो राजाराऽऽम!

शैलेंद्र : ऐका, काकू, ऐका! 'राम, राम' म्हणून राहिली दरी!

दीपा : आई... अण्णा थांबले.

आई : खरंच? मी डोळे मिटलेत. तूच सांग.

दीपा : खरंच थांबले. वळले. कानटोपी काढून उभे राहिलेत नुसते.

आई : थंडी बाधेल! टोपी घाला म्हणावं!

दीपा : तूच सांग ना आता. वाट मोकळी झालीय तुझ्या गळ्याची.

शैलेंद्र : निघाले, निघाले! आल्या वाटेनं परत चालले. मी खुणेच्या दगडांपाशी जाऊन त्यांना घेऊन येतो. आणि काकू, मागं बघा, सगळ्या काकू टाळ्या वाजवून राहिल्या. फोटो काढायचा होता हो, पण रोल म्हसोबापाशीच संपला!

(बऱ्याच वेळानं. उन्हातल्या खडकावर गुळपोळ्यांचे डबे उघडलेत. राजाराम शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून येतात.)

राजाराम : काय म्हणालीस गं तू मघाशी?

आई : आधी पाणी प्या. मी कुठं काय म्हणाले? दरी बोलली.

राजाराम : दरीला माझं नाव कुणी सांगितलं?

दीपा : अण्णा, आम्ही घसा फोडून ओरडत होतो, तेव्हा तुम्ही नुसता हात केलात!

राजाराम : तुमच्या हाका सकाळपासूनच्या, बाळ. मग हे नाव आलं. आधी वाटलं, माझी आईच आली. ती गेल्यापासून असं नुसतं नावानं कोण ओरडलंय मला? पाय जागीच थांबले. मग ध्यानात आलं, त्याच्या आधी 'अहो' होतं. म्हटलं, आई कशाला मला अहो म्हणेल?

आई : तुमचं आपलं काहीतरीच. लग्नात घेतलं होतं की मी नाव.

राजाराम : त्या ताशा-वाजंत्रीत? बायका म्हणाल्या, घेतलं, घेतलं. मी म्हटलं, असेल घेतलं. मला कुठं ऐकू आलं होतं?

आई : मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

राजाराम : म्हटलं, कधीतरी घेशील.

शैलेंद्र : काकू, वन्स मोअर!

राजाराम : पोरगा एवढं म्हणतोय, तर घे की परत एकदा. हळू घेतलंस तरी चालेल.

आई : आता कशाला? आता जवळ आहात की.