टाकीमागचा शनी

...आणि वर मलाच म्हणतात, "अरे, आम्ही तुझ्यासाठीच तर आलोय!" माझ्यासाठी? तुम्हाला सांगतो, माझ्यासाठी आलेली माणसं गच्चीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या "वेफर्स कुठेत?" असं विचारतात का?

नाही, आधी माझा धंदा ऐका. चष्म्याचा! उभा जन्म लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" म्हणण्यात गेला, आणि माझी वाचायची पाळी आली तर मधली अक्षरंच गायब! डावा डोळा कधीच कामातून गेला होता, आता उजव्याच्या पडद्यावर मधोमध डाग. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वाढत जाणार हा. जे डोळे भरून बघायचंय ते आत्ताच बघून घ्या." शहाणा माणूस अशा वेळी काय म्हणेल? बायकोचा चेहरा बघतो म्हणेल. मी पटकन बोलून गेलो, "शनी बघायचाय." आणि बायको शेजारच्या खुर्चीत!

पण करणार काय? लोकांच्या मागे शनी लागतो, इथे मी शनीच्या मागे लागलेलो, तेही शाळेपासून. पुस्तकात चित्र होतं, गोळा आणि त्याच्याभोवती कडं. आम्ही चौघं एका बाकावरचे, तेव्हाच ठरवलं होतं, मोठे झालो की हे कडं खरंखुरं बघायचं, चौघांनी मिळून. मोठे झालो, म्हातारे व्हायला आलो, कोणाला आठवतंय? मला! दुकानाचं शटर ओढल्यावर एकटा बसून दुर्बीण जुळवली मी. दिवसाउजेडी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रोखून तपासली, तर टाकीवरचा कावळा चोच घासताना दिसला, अहो तिथल्या दिव्याची तडकलेली काचसुद्धा दिसली! मग तिघांना फोन केले. डोळ्याचं सगळं सांगितलं. तिघेही हळहळले. "येतो रे, तुझ्यासाठी येतो!"

आले. एक दातांचा डॉक्टर, एक विमेवाला, आणि एक भोंग्या. भोंग्या म्हणजे मुख्याध्यापक होता, निवृत्त झाला, पण आवाज अजून नोकरीतच आहे.

मी म्हटलं, बाबांनो, ऐका. शनी पश्चिमेला उतरलाय, थोड्या वेळात त्या टाकीमागे जाईल. या मोसमातला हा शेवटचा, मग तो सूर्याच्या आड जाणार, महिनोन्महिने दिसायचा नाही. आणि माझ्या दुर्बिणीला मोटार नाही. पृथ्वी फिरते, तिला आपण थांब म्हणू शकत नाही, त्यामुळे शनी काचेतून भराभर सरकतो. मी या बारक्या नळीतून नेम धरून देतो, तुम्ही मोठीला डोळा लावायचा. फक्त डोळा. नळीला हात लावू नका!

बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही आधी बघून घ्या ना." मी तिच्यावरच डाफरलो, "अगं, पाहुणे आहेत!" वडिलांनी शिकवलं होतं ना, घरच्याने शेवटी वाढून घ्यायचं. म्हटलं, यांचं एकदा उरकू दे, मग मी निवांत, पोटभर बघीन. वाढून घ्यायचं! पातेलं रिकामं झाल्यावर काय वाढून घेणार, डाव?

पहिला दातवाला. त्याने काय करावं? नळी दोन्ही हातांनी धरली, पेशंटचा जबडा धरावा तशी! नुसतं "आ करा" म्हणायचं बाकी. गेला शनी. मी पुन्हा नेम धरला. मला मधोमध बघून काही दिसत नाही, नजर जराशी बाजूला ठेवली की बारक्या नळीत कसाबसा एक ठिपका सापडतो, तो पकडून दिला. म्हटलं, बघ आता. तर याने खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि नळीच्या पुढच्या तोंडातून उजेड आत मारला! "आत काहीतरी काळं आहे रे." अरे, आकाश आहे ते! तिसऱ्यांदा नेम धरला तेव्हा कुठे डोळा लागला. मग म्हणाला, "अरे... कडं आहे रे. खरंच कडं आहे." खोटं कशाला सांगू, मला इतका राग आला! म्हणजे आनंद झाला, झालाच, पण राग जास्त आला.

मग भोंग्या. हा दुर्बिणीकडे पाठ करून उभा. एक हात नळीवर, फळ्याजवळची पट्टी धरावी तसा, आणि सुरू! "शनीभोवतीची कडी ही वस्तुतः बर्फाचे आणि खडकांचे तुकडे असून..." अरे, वळून बघ ना! "थांब, आधी विषय समजून घेऊ." माझा डोळा चाललाय आणि हा विषय समजून घेतोय! शेवटी दातवाल्याने त्याला खांद्याला धरून फिरवला, मी परत नेम धरला, त्याने बघितलं आणि काय म्हणाला असेल? "पुस्तकात मोठा होता."

शनी टाकीच्या वर हातभर उरला. मी म्हटलं, आता मी... तर विमेवाला मध्ये! "दोनच मिनिटं. आमच्या हिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तिला फोटो पाठवतो." मोबाइल काचेला चिकटवला. धूसर आला. मग काय केलं माहितीये? वेफर्सच्या तेलकट बोटांनी शर्टाचं टोक धरलं आणि माझी काच पुसली! शर्टाने! जन्मभर मी गिऱ्हाइकांना हात जोडून सांगत आलो, शर्टाने काच पुसू नका हो... आणि पुसता पुसता याचं कोपर बारक्या नळीला लागलं, ती तिरकी झाली. मी म्हटलं, "अरे, काय केलंस!" तर म्हणतो, "चिडतोस कशाला? पुढच्या मोसमात परत येईल की शनी!"

शनी येईल रे. डोळा येणार आहे का?

तेव्हा कुठे तिघांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडं उतरली, वेफर्स खाली ठेवले. "ये, ये, तू ये! तुझ्यासाठीच तर आलोय!" मी गेलो. तिरक्या नळीतून नेम कसा धरणार? डाव्याने दिसत नाही, उजव्यात डाग. शोधतोय, शोधतोय, नुसता अंधार. मग दातवाला म्हणाला, "सरक, मी लावून देतो." तिघेही लागले कामाला, एक वर म्हणतो, एक खाली म्हणतो. आणि एकदम ओरडले, "सापडला! पकडून ठेवलाय, बघ लवकर!"

मी डोळा लावला.

काय सांगू तुम्हाला! मधोमध काळं, आणि भोवती झगझगीत, गोल, पूर्ण कडं! अंगावर काटा आला. "दिसलं!" म्हटलं मी, "कडं दिसलं!" मागे तिघे लहान मुलांसारखे नाचायला लागले. आणि तेवढ्यात... शनी विझला. अहो, विझला! बटण दाबावं तसा!

बटणच दाबलं होतं. समोरच्यांनी टाकीवरचा दिवा बंद केला.

मी तोंड फिरवलं नाही. म्हटलं, "गेला टाकीमागे." भोंग्याने टाळ्या वाजवल्या. विमेवाला डोळे पुसत होता, त्याच शर्टाने. जिना उतरताना बायकोने माझा हात धरला, म्हणाली, "तो टाकीवरचा दिवा होता ना?" म्हटलं, हो. "मग सांगितलं का नाही त्यांना?" काय सांगू? इतक्या लांबून माझ्यासाठीच तर आले होते!

आता तिघे गावभर सांगत सुटलेत, आम्ही त्याला शनी दाखवला. दाखवू देत. ते काळं म्हणजे माझ्या डोळ्यातला डाग, आणि त्याच्या कडेने जो उरलासुरला उजेड दिसला, ते माझं कडं. आता तर दुकानात दिवा लावला की कडं, समोरून गाडी आली की कडं, बायको दार उघडून उजेडात उभी राहिली की तिच्या चेहऱ्याच्या जागी काळं आणि भोवती कडं. डॉक्टर म्हणाले होते ना, बघायचंय ते बघून घ्या? बघतोय. रोज बघतोय. नेमसुद्धा धरावा लागत नाही.