भाजी करपंल म्हणून

महेशकुमार सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, त्यामुळं वाट बघायची त्यांना सवय होती. हळ्ळीखेडच्या थांब्यावर बस येईना. शेजारी ख्रिस्ती जत्रेला निघालेल्या सुगंधम्मा आणि तिची शेजारीण रत्नम्मा, मधे काळंकुट्ट पातेलं. सरांचे डोळे मोबाइलमध्ये होते, कान पातेल्याकडं.

"तोंड कामून उतरलंय, अक्का?" रत्नम्मानं विचारलं.

"चर्चचे नवे पाळक म्हणाले, बाप्तिस्मा न घेता मेला त्याला नरक. अनंतकाळ. आमचे मालक तर तसेच गेले. म्हणजे ते तिकडं आन् मी इकडं."

"दाजी तर दरसाल जत्रंला यायचे."

"बैलगाडी तेच हाकायचे की, तिथं सैपाकबी तेच करायचे. बाप्तिस्म्याचं काढलं की म्हणायचे, यंदा पाणी लई गार हाय, पुढच्या वर्षी बघू."

"प्रवचनाला मांडवात बोलावलं तर म्हणायचे, मी उठलो तर भाजी करपंल."

"चुलीपाशी बसून समदं ऐकायचे. नरकाचं प्रवचन झालं, तवा मला म्हणाले, एवढा जाळ हाय तर चहा तरी करत असतील का?"

दोघी हसल्या. सुगंधम्मा आधी थांबली.

"रत्ना, देवाच्या पंगतीला बाहेरच्याला हाक मारत असतील का गं?"

"मारतील की. पण दाजी उठायचे न्हाईत. भाजी करपंल म्हणतील."

"मग?"

"मग देवालाच उठून बाहेर यावं लागंल."

बस आली. सरांनी पातेलं वर चढवून दिलं.

"यंदा सैपाकाला पोरी हायत, अक्का. तू मांडवात बस."

"न्हाई गं. मी चुलीपाशीच बसते. देव बाहेर आला तर वाढायला कुणीतरी पाहिजे."