लाल वायर

सत्याऐंशीचा डिसेंबर, चंदीगड. दुधाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी मराठीत बोलत होत्या.

"नीलाताई, काल तुमच्याकडे पोलीस कशाला?"

"कोंबड्यांपायी. थंडी वाढली म्हणून ह्यांनी खुराड्याला पोती गुंडाळली, आत बल्ब लावायला वायर ओढली. कुणीतरी फोन केला, परसात बॉम्ब बनतोय म्हणून."

"अगंबाई. मग?"

"पोलिसांच्या कुत्र्याला आमच्या कोंबड्यानं टोचलं. बल्ब जप्त झाला. रात्रभर सहा कोंबड्या माझ्या स्वयंपाकघरात."

"हल्ली लोक कशावरही संशय घेतात जी."

"आज पुन्हा बल्ब लावला, तर पुन्हा फोन जायचा. नाही लावला, तर कोंबड्या गारठून मरतील."

"पण वायर लालच कशाला आणायची?"

"सरोजताई, वायर तर पोत्यांखाली होती."

"रांग सरकली बघा, चला पुढे."

"सरकू दे."