निमलचा अर्ज

मी मूळची वसईची, वाडीतली. केळीची आणि पानवेलींची वाडी होती आमची, बाप बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी काढून झाडांना घालायचा, आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाय, मी मधली. नाव फिलोमिना, पण घरात सगळे फिलू बोलायचे. बापाच्या आजारपणात वाडी विकली, तिथे आता बिल्डिंग हाय, ते सोडा. बाप गेल्यावर गावातल्याच एका नर्सबाईने मला बहारीनला आणलं, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, तेवीस वर्षांची होते मी. रक्ताच्या चादरी वेगळ्या, साध्या वेगळ्या. आता जुफैरच्या हॉटेलात हाउसकीपिंगला सुपरवायझर हाय, चौदा मजले बघते, पण काम तेच, चादरी.

निमल मला चर्चमध्ये भेटला. इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून मोठी मिस्सा शुक्रवारी, आणि मिस्सा सुटली की सगळे अंगणात उभे राहून बोलतात, हा एकटाच भिंतीच्या सावलीत उभा असायचा. श्रीलंकेचा. अमवाजला व्हिलांचे स्विमिंग पूल साफ करायचा. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी विचारलं तर बोलला, गावी भाताच्या गिरणीत गेली. मी मानलं, का नाय मानणार? लग्न करायचं ठरवलं तेव्हा आई फोनवर रडली, बोलली, बाय, आपल्यातला एक पोरगा मिळाला नाय का गं तुला. पण वसईला लग्न लावून दिलं तिने, आणि दोन दिवस त्याला बघून मला आत बोलावून बोलली, मुका हाय काय गं हा? मुका नव्हता. त्याची हिंदी बहारीनमध्ये शिकलेली, माझी पण मोडकी, आमचा संसार त्या हिंदीत झाला, आणि चांगला झाला, खोटं कशाला बोलू. शेरील झाली, तिला तो उजव्या हातावर घेऊन फिरायचा, डाव्या हाताने धरायची भीती वाटायची त्याला.

शेरील बारावीला होती तेव्हाची गोष्ट. तिला बूट घ्यायला आम्ही सीफच्या मॉलमध्ये गेलो आणि दारातला सिक्युरिटीवाला निमलकडे बघत राहिला, बघतच राहिला, आणि मग लंगडत लंगडत आला आणि त्याने निमलला मिठीच मारली. दोघे त्यांच्या भाषेत बोलत होते आणि रडत होते, लोक थांबून बघत होते. तो बंदुला. एकाच गावचे दोघे. पुढच्या सुट्टीला घरी जेवायला आला आणि मला सगळं माहीत हाय असं समजून बोलत सुटला, सिस्टर, हा आणि मी बंदूक घेऊन उभे असायचो तेव्हा कुठे गाव झोपायचं. मी बोलले, कसली बंदूक? मग बंदुलानेच सांगितलं.

तर त्यांच्या देशात आपसातली लढाई चालली होती, वर्षानुवर्षं, आणि यांचं गाव बरोबर दोन बाजूंच्या मध्ये. खरे सैनिक लांब. म्हणून सरकारने गावातल्याच पोरांना जुन्या बंदुका दिल्या, खाकी शर्ट दिला, थोडा पगार, आणि सांगितलं, आपलं गाव आपण सांभाळा. निमल एकोणीस वर्षांचा होता. लढाई संपल्यावर सैनिकांना पेन्शन मिळाली, हे गावरक्षक मात्र कुठल्याच यादीत नाय. मग त्यांनी एकत्र येऊन अर्ज केले, मोर्चे काढले, आणि आता कुठे सरकार बोलत होतं की जे जखमी झाले त्यांनी भरपाई मागावी. जुन्या रजिस्टरचा उतारा पाहिजे, डॉक्टरचा दाखला पाहिजे, काय झालं त्याचा जबाब, आणि बरोबरच्या एकाची साक्ष. बंदुलाचा पाय अधू झाला आणि निमलची बोटं गेली ती एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. बंदुलाला निमल पाहिजे होता आणि निमलला बंदुला.

फॉर्म इंग्लिशमध्ये होता, मीच भरायला बसले. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, शत्रूचा हल्ला परतवताना दोघे जखमी. मी तेच उतरवत होते, तर निमल बोलला, हल्ला नव्हता. मी बोलले, मग काय होतं? आणि काय सांगू तुम्हाला, अठरा वर्षांच्या संसारात तो इतकं कधी बोलला नव्हता.

दोघे पहाऱ्यावर होते, उजाडत होतं, धुकं होतं, तळ्याच्या बांधावर काहीतरी हललं. निमल ओरडला, थांब. ते थांबलं नाय, पळालं. त्याने गोळी झाडली, ती लागली. घाबरून दुसरी झाडली, तर बंदुकीची नळीच फुटली, त्यात त्याची बोटं गेली आणि एक तुकडा बंदुलाच्या मांडीत घुसला. बांधावर बाई पडली होती. पलीकडच्या तमिळ गावातली. म्हैस शोधत आली होती. तिला त्याची भाषा कळली नसणार. मग वरच्या साहेबाने रजिस्टरमध्ये हल्ला लिहिला आणि या दोघांना हॉस्पिटलात पाठवून दिलं.

मी तेव्हा त्याचा हात धरायला पाहिजे होता. मी काय बोलले माहिताय? मी बोलले, ती बाई तर गेली, तू नाय लिहिलंस म्हणून परत येणार हाय का? शेरीलला नर्सिंगला घालायचंय, बंदुला त्या पायावर बारा बारा तास उभा असतो, त्याचा तरी विचार कर. कर सही. त्याने केली सही. माझ्यावर चिडला असता तरी बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी दोघांना तिकडे बोलावलं. पुढचं मला बंदुलाने सांगितलं. साहेब चांगला होता, शिक्का हातात घेऊन बसला होता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, लिहिलंय ते सगळं खरं ना? निमल बोलला, नाय. आणि उभं राहून सगळं सांगितलं, बाईपासून नळीपर्यंत. साहेबाने शिक्का खाली ठेवला. हल्लाच नव्हता, म्हणून दोघांचे अर्ज नामंजूर. बंदुलाने फोनवर मला सांगितलं, सिस्टर, तुझ्या नवऱ्याने माझा पाय दुसऱ्यांदा मोडला. खलास, आता मला फोन करू नको.

आणि निमल परत आलाच नाय, का ते त्याने एकदाच फोनवर सांगितलं. तो तळ्यापलीकडच्या गावात गेला. त्या बाईचा मुलगा आता चाळिशीचा हाय, पंक्चरचं दुकान हाय त्याचं. निमलने दुभाषा घेऊन त्याला सांगितलं, तुझ्या आईला मी मारलं. त्याने ऐकून घेतलं, हातातला टायर खाली ठेवला आणि दुकान बंद करून निघून गेला. निमल दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी तो बोलला, आता येऊ नकोस. बस, एवढंच बोलला. माफ केलं असं नाय, शिवी पण नाय. तोवर निमलची रजा संपली, कंपनीने व्हिसा कॅन्सल केला, माझ्या पगारावर नवऱ्याचा व्हिसा मिळत नाय, म्हणून मला त्याला परत आणता येत नाय. तिकडे बहिणीच्या घरी राहतो, तिची शेती बघतो. सुट्टीला फोन करतो. जेवलीस का, शेरील कशी हाय, इतकंच.

शेरील आता सीफमध्ये परफ्यूमच्या दुकानात उभी असते. नर्सिंग राहिलं. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये, मम्मा, ही डिड द राइट थिंग. मी बोलते, हो बाय, केलं. पण आपल्या तिघांचं काय, हे मी तिला विचारत नाय. बंदुला अजून त्याच मॉलमध्ये हाय. मी दिसले की दुसऱ्या दाराला जातो, लंगडत, आणि मला तेच बघवत नाय.

त्या बाईचं नाव मी निमलला फोनवर विचारून घेतलं. आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची, मिस्सात वाचतात. बापाच्या नावाखाली मी तिचं लिहून देते. ती आपल्या धर्माची नव्हती, पण फादर काय विचारत नाय, नाव चुकीचं वाचतो आणि पुढे जातो. मग मी डोळे मिटून मागते, बंदुलाच्या पायाला आराम पडू दे, त्या पंक्चरवाल्याची पोरंबाळं सुखात राहू देत, शेरीलचं भलं होऊ दे. निमलसाठी काय मागायचं, ते मला अजून कळत नाय.