तिची पंधरावी, माझी पहिली

(ग्रीसमधल्या कॉर्फू बेटाच्या धक्क्याला लागलेली बोट. बाराव्या मजल्यावरचं उपाहारगृह, दुपारचा चहा. टेबलाशी तिघी : तिशीची लाउरी, तिची साठीला टेकलेली नणंद ग्लेनिस, आणि लाउरीची सात वर्षांची मुलगी माली, टॉवेलात गुंडाळलेली.)

ग्लेनिस : पण एवढ्या लवकर कशाला आलात परत?

लाउरी : लवकर कुठे? पाच वाजले. साडेपाचला सगळ्यांनी बोटीवर हवं. टॅक्सीवाल्याला तीनदा म्हटलं, बाबा, जरा दामट.

ग्लेनिस : चार वाजलेत, लाउरी.

लाउरी : माझ्या फोनमध्ये पाच वाजून दोन मिनिटं झालीत.

ग्लेनिस : फोन सकाळीच ग्रीसचा झाला. किनारा जवळ आला की तो आपला आपण तासभर पुढे सरकतो. बोट इटलीच्या वेळेवर आहे, तिथल्या बारी बंदरातून निघालो तेव्हापासून. साडेपाच म्हणजे बोटीचे साडेपाच. म्हणून म्हटलं होतं, साधं मनगटी घड्याळ लाव, फोनवर जाऊ नकोस. आज नाश्त्याला सांगितलं मी.

लाउरी : नाश्त्याला तू पुष्कळ काही सांगत होतीस.

माली : म्हणजे अजून वेळ होता?

ग्लेनिस : दीड तास, सोन्या.

माली : आई. मी तरंगत होते.

लाउरी : माहीत आहे गं.

माली : तू खालचा हात काढला होतास. मी बुडाले नाही. आणि मग तू म्हणालीस, चल चल चल, बोट जाईल, बोट जाईल. आणि माझा एक बूट तिथेच राहिला.

लाउरी : बूट घेऊ दुसरा.

माली : आत्याला कळलं असतं किती वाजले ते.

लाउरी : हो. आत्याला सगळं कळतं. जा, तिथून गरम चॉकलेट घे. दोन्ही हातांनी धर. आणि कठड्यापाशी जायचं नाही.

माली : कठडा काचेचा आहे. माझ्या डोक्याच्या वर आहे.

लाउरी : तरी नाही.

माली : आत्या, नॉर्वेच्या बोटीवर पण असलं चॉकलेट असतं?

ग्लेनिस : जा बरं तू आधी. मशीनपाशी रांग वाढतेय.

माली : आम्ही दोघी खिडकीतून धबधबे बघणार आहोत. बारा रात्री.

ग्लेनिस : माली, चॉकलेट.

लाउरी : कुठल्या बारा रात्री?

ग्लेनिस : गेली बघ. तो रेलिंगजवळचा रस्ता नाही घेतला हो तिनं, मधूनच गेली.

लाउरी : ग्लेनिस, कुठल्या बारा रात्री?

ग्लेनिस : सांगणार होतेच मी. आज रात्री नीट बसून सांगणार होते. पुढच्या जूनमध्ये साउथहॅम्प्टनहून एक बोट जाते, नॉर्वेच्या खाड्यांमधून. पाचव्या मजल्यावर पुढच्या क्रूझचं टेबल असतं ना, तिथे काल नाव घालून ठेवलं. बोटीवर असतानाच बुक केलं की हव्या त्या जागेची खोली मिळते. मधोमध आणि खालच्या मजल्यावर, तिथे सगळ्यांत कमी हलतं. घरी जाऊन बघितलं तर उरलेल्या खोल्या नाचाच्या हॉलखाली.

लाउरी : काल म्हणजे मी ओकत पडले होते तेव्हा.

ग्लेनिस : मी तुला हिरवं सफरचंद आणि आल्याची बिस्किटं ठेवून गेले होते.

लाउरी : हो, आणि माझी मुलगी घेऊन गेलीस.

ग्लेनिस : नुसतं नाव घातलंय. रद्द करता येतं.

लाउरी : कोणाकोणाचं नाव?

ग्लेनिस : माझं. आणि तिचं.

लाउरी : छान.

ग्लेनिस : तुला बोट लागते म्हणून—

लाउरी : मला एकच दिवस लागली. गेथिनला माहीत आहे?

ग्लेनिस : फोनवर बोलले होते त्याच्याशी. तो म्हणाला, लाउरी हो म्हणाली तर त्याची हरकत नाही.

लाउरी : म्हणजे माझ्या नवऱ्याला माहीत, माझ्या मुलीला माहीत, पाचव्या मजल्यावरच्या त्या टाय लावलेल्या माणसाला माहीत. मी खोलीत बादली धरून.

ग्लेनिस : एक पत्र लागेल. तेच मागणार होते तुझ्याकडे. माझं आडनाव तिच्यापेक्षा वेगळं, त्यामुळे बंदरावर विचारतात, ही कोणाची, कोणाच्या परवानगीनं नेताय. तुम्हा दोघांच्या सहीचं साधं पत्र, तारखा, बोटीचं नाव, तुमचे फोन. मागे एका आजोबांना नातवासकट दोन तास बसवून ठेवलं होतं. पोरगं रडून रडून झोपलं. मी नमुना लिहून आणलाय.

लाउरी : आणलाय म्हणजे? घरून, स्वान्सीहून?

ग्लेनिस : माझ्याकडे असतोच एक फायलीत.

लाउरी : कशासाठी असतो गं तुझ्याकडे? तुला कोणाचं मूल न्यायचं असतं दरवेळी?

ग्लेनिस : नाही. कधीच नव्हतं. तरी असतो. चहा घे, गार होतोय.

लाउरी : मी तुला एक विचारू? ही सहल आमची होती. आमची तिघांची. माली झाल्यापासून आम्ही पहिल्यांदा कुठे निघालो होतो. अडीच महिने मी वाचत होते, लहान मुलांना कुठल्या बंदरात काय, कुठल्या किनाऱ्यावर पाणी उथळ. मग गेथिनच्या इस्पितळानं सुट्टी काढून घेतली आणि तू दोन तासांत त्याच्या जागी स्वतःचं नाव लावून घेतलंस.

ग्लेनिस : जागा वाया जात होती. नाव बदलायला तीन दिवस राहिले होते फक्त.

लाउरी : माहीत आहे. तुझी ही पंधरावी क्रूझ, माझी पहिली. तुझ्यामुळे आलो, तेही माहीत आहे. पण पहिल्या दिवसापासून बघ. बॅगा संध्याकाळपर्यंत येत नाहीत म्हणून मालीचा पोहण्याचा पोशाख तू तुझ्या पिशवीत आणलास. सगळी पोरं तलावाकडे टकामका बघत उभी आणि माझी एकटी पाण्यात. कोणी आणला? आत्यानं. भिंती लोखंडाच्या असतात म्हणून तू चुंबकाचे आकडे आणलेस, तिची टोपी लावायला, फ्रॉक लावायला. दुपारी सगळे वर गर्दी करतात, तू आम्हाला खाली जेवणघरात नेलंस, तिथला वेटर तुला नावानं ओळखतो. आणि ती रबराची बदकं.

ग्लेनिस : बदकं सगळेच लपवतात. बोटीवरची जुनी रीत झालीय आता. कोणीतरी लपवतं, कोणाला तरी सापडतं, ज्याला सापडलं त्याचं.

लाउरी : मालीला नऊ सापडली. तिला वाटतं, अनोळखी माणसं ठेवतात. बरोबर तिच्या उंचीवर. त्यातली किती तुझी?

ग्लेनिस : आठ.

लाउरी : आणि नववं?

ग्लेनिस : ते खरंच कोणाचं तरी होतं. त्यालाच ती सगळ्यांत कमी हसली.

लाउरी : मी काय आणलं माहीत आहे? सनस्क्रीन. आणि तापाचं औषध. मी तिला दिवसभर काय देते, तर नाही. इथे जायचं नाही, ते खायचं नाही, ओल्या पायांनी पळायचं नाही. पहिल्या दिवशी सायरन वाजल्यावर सगळ्यांना सरावासाठी जमायला सांगितलं, तेव्हा मी जीवरक्षक जाकिटं मोजत होते. आणि ती तुझ्या मांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. जशी एखाद्या वेड्या बाईकडे बघतात.

ग्लेनिस : तसं नाही बघत ती.

लाउरी : मग कसं? तुलाच माहीत असणार.

ग्लेनिस : नॉर्वेचं मी नाही काढलं, लाउरी. तिनं काढलं. त्या टेबलावर चित्रं होती, ती म्हणाली, इथे जाऊ या. मी म्हटलं, आईला विचारू. ती म्हणाली, आईला नको, आई तिथे घाबरेल, तिथे पाणी खूप खोल आहे.

लाउरी : हे तू मला सांगायला नको होतंस.

ग्लेनिस : नको होतं. खरं आहे.

लाउरी : आज मी मुद्दाम तुला टाळलं. तू म्हणालीस, मी येते, मला ती वाळू माहीत आहे. मी म्हटलं, आम्ही दोघीच जातो. मला एक दिवस हवा होता, ज्यात तुझं काही नसेल. तुझं बदक नाही, तुझे आकडे नाहीत. आणि झालं होतं गं. खरंच झालं होतं. ती पाण्यावर पडली होती, कान बुडलेले, आकाशाकडे बघत, आणि माझा हात तिच्या पाठीखाली नव्हता. मग मी फोन बघितला. टॅक्सीत ती रडत होती आणि मी विचार करत होते, ग्लेनिसनं घड्याळाचं काय सांगितलं होतं. सांगितलं होतंस तू. मी ऐकायचं बंद केलं होतं. तू बोलायला लागलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघते आणि मनात दुसरंच काहीतरी म्हणत बसते.

ग्लेनिस : काय म्हणतेस?

लाउरी : ते विचारू नकोस.

ग्लेनिस : बरं.

लाउरी : मी सही नाही करणार.

ग्लेनिस : बरं.

लाउरी : या वर्षी नाही. आणि कारणही विचारू नकोस. कारण चांगलं नाहीये. तू तिला माझ्यापेक्षा नीट सांभाळशील, मला माहीत आहे. ती आनंदात राहील, हेही माहीत आहे. तेच कारण आहे.

ग्लेनिस : मला कळलं नाही असं दाखवू का?

लाउरी : दाखव.

ग्लेनिस : मी तिला सांगते, खोली मिळाली नाही म्हणून. त्यात तुझं नाव नको यायला.

लाउरी : नाही. तेवढंही तुझ्याकडून नको मला. मीच सांगेन. मी नाही म्हटलं असंच सांगेन. रागावू दे माझ्यावर. कोणावर तरी रागावायला आईच असते.

ग्लेनिस : ती संध्याकाळभर बोलणार नाही तुझ्याशी.

लाउरी : बोलणार नाही.

ग्लेनिस : किती वाजले तुझ्या फोनमध्ये?

लाउरी : पाच वाजून वीस. म्हणजे चार वीस.

ग्लेनिस : जुन्या गावाच्या तटाखाली पायऱ्या उतरून एक जागा आहे. वाळू नाही, दगडी धक्का आहे, पण पाणी थंडगार आणि स्वच्छ. तिथली माणसं कामावरून सुटली की तिथेच पोहायला येतात. टॅक्सीनं दहा मिनिटं. धक्क्याच्या फाटकाबाहेरची टॅक्सी घे, आतली नको. तिथून पाच वाजता, बोटीचे पाच, निघालात तरी निवांत पोचाल. अर्धा तास मिळेल.

लाउरी : ऐकतेय मी.

ग्लेनिस : खाली शेवाळ असतं, पायात काहीतरी असू दे तिच्या. आणि बोटीकडून रोज खोलीत येतो त्या आजच्या कागदावर खाली बोटीच्या बंदरावरच्या माणसाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेव. लागणार नाही. पण तुझा जीव शांत राहील, आणि तुझा शांत असला की तिचाही राहतो.

लाउरी : तू आज पहिल्यांदा असं काहीतरी सांगितलंस जे मला आधीच माहीत होतं. फोटो काढलाय मी. सकाळीच.

ग्लेनिस : मग तू मला उगाच बोलू देतेस.

माली : आई, चॉकलेटवर मलई संपली होती, मग त्या काकांनी आतून आणली. तुम्ही काय बोलत होता?

लाउरी : पी लवकर. आपण परत जातोय.

माली : कुठे?

लाउरी : पाण्यात. दुसऱ्या जागी. अर्ध्याच तासासाठी.

माली : खरंच? आता? बोट?

लाउरी : बोट थांबेल. म्हणजे थांबणार नाही, पण आपण येऊ वेळेवर.

माली : तू हात काढशील?

लाउरी : काढीन.

माली : आत्या, तू पण चल ना. तुला पण दाखवते.

ग्लेनिस : मी नाही गं. चहा घेतेय ना मी.

माली : तुझा कप तर रिकामा आहे.

ग्लेनिस : दुसरा आणणार आहे.