उसना अधिक महिना

—अहो घ्या हो अमृतराव, अजून एक पुरणाचा धोंडा घ्या, नको काय म्हणता, अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणानं कधी ‘नको’ म्हणल्याचं मी तरी वाचलेलं नाही. म्हणजे मी वाचलेलं कमीच, पाठच जास्त. तूप घ्या. अनारशांकडे बघू नका, ते हसले — तुपात सोडले की पार विरघळले — पीठ मुरायला वेळच मिळाला नाही, तुमचं आमंत्रणच घाईत ठरलं ना. घाईत म्हणजे — तसं नव्हे — अधिक महिना काय घाईत येतो का? ठरलेलाच असतो तो. तुम्ही जेवा.

अश्विनी? आहे की आत, आईच्या हाताखाली. येईल. महिना होत आला तिला येऊन, पण आमचं काही म्हणणं नाही, बापाला लेक जड होत नाही. फक्त सकाळी ती मला रुद्राचा अर्थ शिकवायला बसते, ते जरा जड जातं. हसू नका. सगळा जन्म सोनईच्या पंचक्रोशीत भिक्षुकी केली, पण पोपटासारखी! लहानपणी विचारायची, बाबा, या मंत्राचा अर्थ काय? मी म्हणायचो, अर्थ दक्षिणेनंतर सांगतात. दक्षिणा मिळाली की जेवण, जेवण झालं की झोप. मग ती नगरला जाऊन संस्कृत शिकून आली, आणि आता मी तोंड उघडलं की थांबवते — बाबा, हा मंत्र लग्नातला नाही, वास्तुशांतीतला आहे. इतक्या लग्नांत म्हणला हो मी तो! झाले की सगळ्यांचे संसार.

तर तुमच्या कोपरगावच्या कॉलनीत भटजी आले नाहीत म्हणून तिनं सत्यनारायण सांगितला, लोकांनी अर्थासकट ऐकला, नमस्कार केला — त्यात काय बिघडलं? विहीणबाईंना वाटलं, सून आता दारोदार शिधा गोळा करत फिरणार. वाटू द्या. तिचा त्यांच्यावर रागच नाही. म्हणते, आई मनातलं बोलून मोकळ्या झाल्या. हे मात्र — म्हणजे तुम्ही — मोबाईलमध्ये बघत बसले, एक शब्द नाही. बास, एवढंच म्हणते. आणि परवा म्हणाली, बाबा, मी इथंच पाठशाळा काढते, तिकडं जात नाही. पाठशाळा मला हवीय हो, पण लेकीचं घर मोडून नको. लई भीती वाटते मला.

म्हणून तर बोलावलं तुम्हाला. नुसतं ‘या’ म्हणलं असतं तर आला असता? पण धोंड्याच्या जेवणाला कुठल्याच जावयाला नाही म्हणता येत नाही. लावला फोन, दिलं आमंत्रण. आता झालं काय, शेजारच्या दगडाबाईनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारात हजर — “गुरुजी, अधिक हाय व्हय? आमच्या कॅलिंडरात तर न्हाई दिसत!” काय सांगणार? म्हणलं, छापायचा राहिला असेल. पाडव्याला मारुतीच्या देवळात गावाला पंचांग वाचून दाखवणारा मीच, मग माझ्यावर शंका कोण घेणार? तिनं जावई बोलावला. मग तिच्या जावेनं बोलावला. आज निम्म्या गल्लीत पुरण शिजतंय, आणि समोरच्या हनुमंतानं तर पोरीचा साखरपुडाच पुढं ढकलला — अधिकात शुभकार्य नको म्हणून! त्याचे आता पाय धरावे लागणार मला. असो, तुम्ही पुढच्या वर्षी खऱ्या अधिकाला या, तेव्हा अनारसे कसे जाळीदार —

खऱ्या म्हणालो का मी?

झालं. हिनं सकाळीच बजावलं होतं, तुम्ही फक्त वाढा, बोलू नका. हो, नाही यंदा अधिक. पुढच्या वर्षीचा अधिक ज्येष्ठ उचलून यंदा आणला मी, चंद्राला विचारलं नाही, सूर्याला विचारलं नाही. मोठमोठ्या राजांना जे जमलं नाही ते या सोनईच्या भटानं केलं, तेही पुरणाच्या जोरावर. आता उठून जायचं तर जा, मी अडवणार नाही, फसवूनच बोलावलं मी तुम्हाला —

काय?

माहीत होतं? फोन आला तेव्हाच? अश्विनीनंच शिकवलं होतं तुम्हाला अधिक कसा ओळखायचा ते? आणि तरी आलात — या उन्हात, फॅक्टरीतून सुट्टी काढून? तिला न्यायला?... पूजा सांगायला तुमची काही हरकत नाही? आईंशीही बोललात?

अहो, मग हे मला काय सांगताय! उठा. राहू द्या हात खरकटा, पान कुठं पळून जात नाही. हे इकडं स्वयंपाकघर, दाराआड मघापासून उभीच आहे ती. जा. मी तोंड मिटतो आता. तुम्ही बोला.